विरळणी

यंदा पाटाला पाणी सुटलं नाही, तरी पाटकरी रोज सकाळी दारावर जायचा. दार म्हणजे पाटाच्या तोंडाशी बसवलेलं लोखंडी फाटक. त्याचं चाक माणसाच्या छातीएवढं. चाक फिरवलं की फाटक वर उचललं जायचं आणि खालच्या सगळ्या शेतांना पाणी मिळायचं. धरणावरच्या साहेबांचा निरोप आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, असा नियम. निरोप काही येत नव्हता. मग पाटकरी जुनं ग्रीस पुसून नवं लावायचा आणि फाटकाच्या सावलीत बसायचा. समोर कोरडा पाट लांबवर गेलेला. दुपार चढली की त्याच्या तळाशी काहीतरी चमकायला लागायचं, हलायचं, हळूहळू त्याच्याकडे सरकायचं. ते पाणी नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तो पाय जरा वर घ्यायचा, भिजू नयेत म्हणून.

त्याची बायको तेव्हा मळेवाल्याच्या बिटात वाकलेली असायची. आसपास त्या एकाच मळ्याच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून काम तेवढंच होतं. बिटाचं बी एकटं नसतं. दिसायला दाणा एक, पण मातीत गेला की त्यातून दोन दोन, तीन तीन कोंब वर येतात, एकमेकांना बिलगून. सगळे ठेवले तर एकही पोसत नाही. म्हणून पानं बोटभर झाली की विरळणी करायची. गुडघे मातीत टेकायचे, डाव्या हाताचं बोट ठेवायच्या रोपाच्या बुडाशी दाबायचं आणि उजव्या चिमटीत दुसरं धरून ओढायचं. ओढताना बारीक आवाज येतो. दिवसभर तो ऐकला की रात्री उशीलाही तोच आवाज येतो.

नवीन बायका विचारायच्या, "दोन्ही सारखीच दिसतात. ठेवायचं कुठलं?"

मुकादमीण म्हणायची, "हाताला विचार. डोक्याला विचारत बसलीस तर दिवस मावळेल."

पाटकऱ्याच्या बायकोचा हात या कामात बसलेला होता. फक्त एक खोड होती. उपटलेली रोपं ती फेकत नसे. ओल्या फडक्यात गुंडाळून ओळीच्या टोकाला सावलीत ठेवायची. उन्हं उतरली की जिथे बी उगवलंच नव्हतं त्या रिकाम्या जागी ती लावायची, ओंजळभर पाणी घालायची. नांग्या भरणं म्हणतात याला. मळेवाल्याने सांगितलेलं नव्हतं, त्याची मजुरीही नव्हती.

"हिला कुणाला घालवायचं म्हटलं की जिवावर येतं," मुकादमीण म्हणायची. "हिच्या घरी पाहुणा आला तर गेलाच नसेल परत."

"आमच्या घरी येतो कोण?" ती म्हणायची. "यायचा तो आधी बसायला जागा आहे का बघतो."

त्यांना एकच लेक. गल्लीत तिला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. लहानपणी तिने कोंबडीच्या मोडक्या पायाला काडी बांधली होती, तेव्हाचं हे नाव. आधी चेष्टेने म्हणायचे. मग एका संध्याकाळी शेजारच्यांची गाय अडली, वासराचा पाय मागे मुडपलेला. डॉक्टरिणीने दंडाला तेल लावून हात आत घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली, जशी झोपेत कुणी उभी राहावी. वासरू बाहेर आलं. त्यानंतर नाव तेच राहिलं, हसणं थांबलं. जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज तालुक्याच्या गावी होतं. तिने अर्ज केला, परीक्षा दिली. पत्र आलं की तुम्हाला प्रवेश देत आहोत, अमुक दिवशी हजर व्हा.

पाटकऱ्याने ते पत्र शर्टाच्या खिशात घालून दारावर नेलं. दिवसभर तिथे त्याच्याजवळ बोलायला चाकाशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळी पत्राच्या कडेला ग्रीसचा अंगठा उमटलेला होता.

"अहो, हे काय केलंत? कॉलेजातले साहेब काय म्हणतील?"

"म्हणतील, बापाचाही अर्ज आहे."

* * *

हजर व्हायच्या दिवशी मायलेकी पहिल्या बसने निघाल्या. बाहेर धुकं होतं. झाडं यायची, जरा वेळ खिडकीत उभी राहायची आणि निघून जायची. लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईलाही डुलकी लागली. झोपेतच तिची चिमटी चालू होती, लेकीच्या स्वेटरचे गोळे एक एक करून उपटत होती.

"आई, स्वेटर राहू दे माझा."

"हं?"

"सगळा विरळ केलास."

कॉलेजचं आवार मोठं होतं. आत शिरताच शेणाचा, चाऱ्याचा आणि फिनेलचा वास आला, एकात एक मिसळलेला. एका बाजूला गोठा, त्यातून गायी सावकाश श्वास सोडत होत्या. मध्ये लांब दालन, त्याला उंच खिडक्या, आत बाकांच्या ओळी. बाकांवर मुलं बसलेली होती आणि बाकांमधल्या वाटेतही उभी होती. दारात होती, पायऱ्यांवर होती, पायऱ्यांच्या खाली आईबाप होते. ट्रंका, वळकट्या, पिशव्या. धुक्यामुळे ती माणसं किती होती ते कळत नव्हतं. जिथे संपली असं वाटावं तिथून आणखी दोन बाहेर यायची.

लेक म्हणाली, "सगळे आमच्याच वर्गाचे?"

"असतील कुणाकुणाचे भाऊ. तू थांब, मी बाटली भरून आणते."

आई नळावर गेली. तेवढ्यात चष्मेवाले कारकून पायऱ्यांवर आले आणि बोलायला लागले. त्यांचा आवाज बारीक होता. नेमकी तेव्हाच गोठ्यातली एक गाय हंबरली आणि तिला बाकीच्यांनी साथ दिली. मागच्या लोकांपर्यंत काही पोचलं नाही. आई भरलेली बाटली घेऊन परत आली तेव्हा कारकून हात लांब करून गोठ्याच्या भिंतीकडे दाखवत होते.

"तर ज्यांना जमेल त्यांनी या बाजूला या. कुणीतरी पुढे या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मजुरीच्या दिवसांत चौकात पहाटे माणसं उभी असतात. टेम्पो येतो. मुकादम उतरतो आणि म्हणतो, इकडे या. कशाला, कुठे, किती वेळ, हे कुणी विचारत नाही. जो विचारत बसतो तो चौकातच राहतो. जो आधी जातो त्याला काम मिळतं. पाटकऱ्याच्या बायकोने निम्मं आयुष्य असं काढलं होतं. "पुढे या" हे शब्द तिच्या कानात पडत नसत, सरळ पायात पडत. तिने लेकीचं मनगट धरलं आणि लोकांना कोपराने बाजूला सारत ती भिंतीकडे निघाली.

"आई, थांब. काय म्हणाले ते?"

"चल आधी. नंतर विचारू."

भिंतीशी त्या पहिल्या पोचल्या. आईने मागे वळून पाहिलं. लोक नुसतेच बघत होते. मग एक मुलगी आली, लाल पिशवी छातीशी धरून. मग आणखी थोडे. सगळ्यांच्या बरोबरच्या माणसांचे हात आईच्या हातांसारखेच होते, नखांत माती असलेले. आईला बरं वाटलं. आपली माणसं चपळ.

कारकून खाली उतरले. त्यांनी सगळ्यांची नावं आली तशी लिहून घेतली. डॉक्टरिणीचं पहिलं.

"तुम्ही फार समजूतदारपणा दाखवलात," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तुमचा विचार आधी होईल."

आई हसून म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हणजे? आज आत घेताय ना?"

"आत बसलेत ते आत, बाई. तुम्ही बाहेर यायला तयार झालात, म्हणून तर इकडे आलात."

आईने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. मग लेकीचं मनगट पुन्हा धरलं आणि ती जिथून आली होती तिकडे चालायला लागली. पायऱ्यांवरच्या लोकांनी वाट दिली नाही. वाट असती तरी दालनात आता उभं राहायलाही फट नव्हती. ती परत आली.

"मी नळावर होते," ती म्हणाली. "मला ऐकू आलं नाही. मी चुकून आले. पोरीची काही चूक नाही."

कारकून माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला पायरीवर बसवलं आणि स्वतःही बसले.

"हे बघा. आम्ही दरवर्षी जागांपेक्षा जास्त मुलांना पत्रं पाठवतो. पाठवावीच लागतात. पत्र मिळालेला प्रत्येक जण येतो असं नाही. कुणाला दुसरीकडे मिळतं, कुणाचं मन फिरतं, कुणाला घरची शेती सोडवत नाही. ती गळती धरूनच पत्रं जातात. येतात ते बरोबर मावतात. आजवर कधी चुकलं नाही. यंदा पाटाला पाणी नाही, शेतात काम नाही. घरी राहून करणार काय? सगळी आली."

"म्हणजे जास्त पेरलंत."

"तसंच म्हणा."

"आणि सगळंच उगवलं."

"हो."

"ती खाली बसेल. बाक नको तिला."

"बाकांचा प्रश्न असता तर मी माझी खुर्ची दिली असती. बाई, एका गायीभोवती किती जण उभे राहणार? इथे हात घालून शिकायचं असतं. गाय तेवढीच आहे."

गाय तेवढीच होती, हे तिला पटलं. तेच तिला फार लागलं.

लेक कारकुनांसमोर आली. ती म्हणाली, "कुणी सोडून गेलं तर?"

"पहिल्या चाचणीपर्यंत जागा रिकामी झाली तर भरतो. चाचणी झाली की वर्गाचं दार बंद. जो इथे हजर असेल त्याला आधी. हजर असतील त्यांत जो आधी भिंतीकडे आला, त्याला आधी. पण आशा धरू नका. यंदा कोण कशाला जाईल?"

* * *

धुकं विरलं तशी माणसंही विरली. भिंतीकडची बहुतेक घरी गेली. मायलेकी गोठ्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. एक गाय लेकीचा हात चाटत होती.

"तू कशाला गेलीस पुढे?" लेक म्हणाली. आवाज चढवला नाही. गायीला सांगावं तसं म्हणाली.

"सवय."

"मी थांब म्हणाले होते."

"ऐकलं मी. पाय थांबले नाहीत."

लाल पिशवीवाली जवळ आली. तिच्याबरोबर कुणीच नव्हतं. ती आईला म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला बघून आले. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आईने खाली पाहिलं. मग गायीकडे पाहिलं. ओळीच्या टोकाची, ओल्या फडक्यातली रोपं तिच्या डोळ्यांसमोर आली. ती सावलीत असतात, तहानलेली असतात, पण शेतातच असतात, म्हणून संध्याकाळी कामाला येतात. घरी नेली तर रस्त्यातच माना टाकतात.

"तू घरी यायचं नाहीस," ती लेकीला म्हणाली.

"मग राहू कुठे?"

कठड्याच्या पलीकडून आवाज आला, "शेण काढता येतं का?" गोठा सांभाळणारे काका होते. इतका वेळ ते ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखे चारा टाकत होते. "माणूस हवंय मला. मागे खोली आहे. पावसात गळते."

"पाऊस कुठे आहे, काका?"

"म्हणून तर देतोय."

लाल पिशवीवालीने विचारलं, "दोघी राहिलो तर चालेल?"

काकांनी आईकडे पाहिलं. आईला क्षणभर वाटलं, नको म्हणावं. जागा झालीच तर एक होईल. मग तिला त्या मुलीची पिशवी दिसली. तिचा बंद तुटलेला होता आणि सुतळीने नीट बांधलेला होता.

"राहू द्या," आई म्हणाली. "एकमेकींना सोबत होईल."

* * *

घरी आल्यावर तिने पाटकऱ्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि चिंधीने बोटं पुसत होता. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"म्हणजे सगळी आली, कारण पाणी नाही," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"म्हणजे पाणी आलं तर काही जातील."

"अहो, पाणी तुमच्या हातात आहे का?"

"चाक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो लवकर निघायला लागला. फाटकाच्या खाचेतला गाळ त्याने खरवडून काढला. पाटाच्या तळाशी उगवलेलं काटेरी झुडूप तोडलं. पोरं पाटात चेंडू खेळायची, त्यांना म्हणायचा, "खेळा, पण कान उघडे ठेवा." पोरं हसायची. दुपारी तो फाटकाला कान लावून बसायचा. लोखंड उन्हाने तापून बारीक करकरायचं. कधी कधी त्याला त्यात लांबून येणारा खळखळाट ऐकू यायचा, इतका स्पष्ट की तो उठून उभा राहायचा. मग समजायचं, आपण झोपलो होतो.

बायको बिटात होती. एका दुपारी बांधावरच्या झाडाखाली तिचा डोळा लागला. स्वप्नात ती त्या लांब दालनात गुडघ्यांवर चालत होती. जमीन मऊ होती, ओली होती. बाकांच्या जागी ओळी होत्या आणि ओळींत मुलं उभी होती, खांद्याला खांदा लावून, केसांऐवजी तांबड्या शिरांची पानं डोलत होती. खिडक्यांतून हिरवा उजेड येत होता. कुणी रडत नव्हतं. ती एक ठेवत होती, एक काढत होती, हात आपोआप चालत होता. मग तिच्या चिमटीत एक मनगट आलं. मनगट ओळखीचं होतं. हात थांबेना.

"ऊठ गं," मुकादमीण म्हणाली. "झोपेत माझ्या पायाला चिमटे काढतेस."

बाजाराच्या दिवशी मळ्यावर सुट्टी असायची, तेव्हा ती धुतलेले कपडे घेऊन लेकीला भेटायला गेली. वर्ग चालू होता. गोठ्यासमोरच्या ओट्यावर एक गाय बांधलेली होती, भोवती मुलं, मध्ये शिकवणाऱ्या बाई. गायीचं डोकं डॉक्टरिणीने धरलं होतं. तिचा गाल गायीच्या गालाला लागलेला, डोळे अर्धे मिटलेले. लाल पिशवीवाली मागे शेणाची पाटी घेऊन उभी होती. पाटी रिकामी होती, तरी ती धरून होती. हातात काही नसलं तर हाकलतील, म्हणून.

वर्ग सुटल्यावर एका मुलाने जाता जाता आपले चिखलाचे बूट डॉक्टरिणीच्या पायाशी काढून ठेवले. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने ते उचलले आणि नळाखाली धरले. आई आली आहे हे तिला तेव्हा दिसलं.

"रोज धुतेस?"

"नाही. विसरतात कधी कधी, मी कोण आहे ते."

"तुला ऐकू येतं का, बाई शिकवतात ते?"

"येतं. मध्ये गायीचा कान येतो, तेवढं सोडून." ती हसली. तिच्या अंगाला गोठ्याचा वास येत होता आणि हाताच्या भेगांत काळं बसलं होतं. "आतलं मात्र काही दिसत नाही. हात घालायला ते असतात, मी पुढच्या बाजूला. बाई म्हणतात, आता गर्भाशय हाताला लागलं का? आणि ते हो म्हणतात. मला गायीच्या श्वासावरून अंदाज घ्यावा लागतो."

"कुणी जायच्या बेतात आहे का?"

लेकीने बूट खाली ठेवले. नळ बंद केला.

"असं बघायचं नाही ठरवलंय आम्ही दोघींनी. तरी बघितलं जातं. कुणी शिंकलं तरी बघतो. खिडकीजवळ एक मुलगा बसतो. तो पुस्तक उघडतो आणि आभाळाकडे बघत राहतो. पण हुशार आहे. बाईंनी त्याचा हात बघून म्हटलं, तुझा हात चांगला आहे."

"मग तो कशाला जाईल?"

"तेच ना. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे."

आई निघाली तेव्हा गोठेवाल्या काकांनी तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. म्हणाले, "पोरी चांगल्या आहेत. माझ्या गायी लाडावल्यात." जरा थांबून म्हणाले, "चाचणी झाली की मी ठेवून घेईन हो त्यांना. शेणाला चाचणी लागत नाही." चांगल्या मनाने म्हणाले. बसमध्ये बसेपर्यंत तिने रडू थांबवलं.

* * *

पाऊस इकडे पडलाच नाही. वर कुठेतरी डोंगरात पडला, त्याचा आवाजही आला नाही. धरणावरून सायकलवर माणूस आला आणि त्याने साहेबांचा निरोप दिला. पाटकऱ्याने त्याला निरोप पुन्हा सांगायला लावला. मग त्याने हातावर थुंकून चाक धरलं. इतकं ग्रीस खाल्लेलं चाक ते, एका हाताने फिरलं.

पाणी एकदम आलं नाही. आधी फाटकाखालून एक काळपट जीभ बाहेर आली आणि तिथेच थांबली, जणू वाट विसरली. मग पुढे सरकली. तिच्या तोंडाशी वाळलेली पानं, काड्या, पिसं, फेस. भेगांतून किडे बाहेर पडून पुढे धावत होते. एक कुत्रं पाण्याकडे तोंड करून मागे मागे चालत होतं. पाटात खेळणारी पोरं चेंडू हातात घेऊन काठावर चढली आणि पाण्याच्या बरोबरीने चालायला लागली, वरातीत चालावं तशी हळू. बिटातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्यासमोरून गेलं आणि त्यांच्या सावल्या त्यात पडल्या, तेव्हा मुकादमीण म्हणाली, "चला, बसा खाली. पाणी बघायचे पैसे नाहीत."

पाटकऱ्याची बायको मात्र रस्त्याकडे गेली. तालुक्याला जाणारी बस यायची वेळ होती. पाटकरीही तिथे येऊन उभा होता, कोपरापर्यंत काळा. बस थांबली. दोघांनाही चढायचं नव्हतं.

ती कंडक्टरला म्हणाली, "पाणी सुटलंय. वाटेत थांब्या थांब्यावर सांग."

"दिसलं की. सांगतो."

पाटकरी म्हणाला, "कॉलेजच्या थांब्यावर जरा मोठ्याने सांग."

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघेनात.

"वाईट करतोय का आपण?" ती म्हणाली.

"पाणी आलंय ते खरंच आलंय," तो म्हणाला. "खोटं काय सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. म्हणजे जे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं. उन्हं उतरली. तिने ओळीच्या टोकाचं फडकं उघडलं. रस्त्याकडेच्या ओळीत बऱ्याच नांग्या होत्या. बोटाने खड्डा, त्यात रोप, बुडाशी माती, ओंजळभर पाणी. संध्याकाळच्या उजेडात सगळं मळ्याच्या रंगाचं झालं होतं, तांबूस हिरवं, आणि पाटाचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं, सगळीकडूनच येत होता.

परतीची बस आली. एकच जण उतरला. उंच मुलगा, हातात पत्र्याची ट्रंक. बस गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला. मग बांधावरून खाली पाटापर्यंत आला.

"मावशी, पाणी खरंच आलं का?"

"आलंय. हात घालून बघ."

त्याने ट्रंक खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि हात घातला. दंडापर्यंत घातला आणि डोळे मिटले. तिने तो हात बघितला. चांगला हात होता.

"कुठून आलास?" तिने विचारलं, माहीत असून.

"कॉलेजातून. बाबा एकटेच आहेत घरी. पाणी आल्यावर त्यांना जमणार नाही. पलीकडच्या वस्तीवर शेत आहे आमचं." त्याने हात बाहेर काढला, पण पुसला नाही. "मला आवडायला लागलं होतं तिथे."

तिच्या हातात रोप होतं. ती ते लावायचं विसरली.

"परत जाशील की पुढच्या वर्षी."

"बघू," तो म्हणाला. जायचं नाही हे दोघांनाही कळलं.

"अजून कुणी निघालंय का घरी?"

"माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त कारकुनांना. त्यांनी लगेच गोठ्यातल्या एका मुलीला बोलावलं."

"कुठल्या मुलीला?"

"गायीचं डोकं धरते ती."

पाटातून एक ओंडका वाहत गेला. दोघांनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. दुसरी मुलगी, लाल पिशवीवाली, आता एकटी पाटी धरून उभी असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"तू कुठे बसायचास?" तिने विचारलं.

"खिडकीजवळ. दुपारी ऊन येतं जरा." त्याने ट्रंक उचलली. "तिला सांगा हवं तर. डावीकडची झडप लावली की येत नाही."

तो बांधावरून निघून गेला. पाठीमागून त्याची वर केलेली बाही ओली दिसत होती. तिने हातातलं रोप लावलं. वरून एक रुंद पान मोडून त्यावर सावली केली. मग फडक्यात राहिलेलं एक रोप तिने टाकलं नाही. फडकं पुन्हा भिजवलं, गुंडाळलं आणि पाटाच्या काठाला गवतात ठेवलं.

घरी पाटकरी दारात बसला होता. तिने पाय धुतले, आत गेली, परत बाहेर आली.

"खिडकीजवळ," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. काळ्या हाताने त्याने गाल पुसला आणि गालही काळा झाला.

"ऊन येत असेल."

"दुपारी येतं म्हणे. झडप आहे."

"झडप कशाला? जरा सरकून बसेल."

"अहो, सरकायला जागा असते का तिथे?" ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. तो सरकला.